खोगिरातली गाठ
(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘मेंदूत गाठ निघाली’ हे तीन शब्द घरात शिरले, की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ऑपरेशन कुठं करायचं, नागपूरला की मुंबईला? पैसे किती लागतील? शेत गहाण टाकायचं की विकायचं? गाठ कसली आहे, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. आज मी याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे, आणि तेही मेंदूच्या तळाशी असलेल्या एका अगदी लहान जागेपुरतं.

वर्धा शहराला लागून पिपरी मेघे आहे. आमच्याकडे नावापुढे ‘मेघे’ लावलेली गावं बरीच आहेत. सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे. त्यातल्या पिपरीत मी फिजिशियन म्हणून दवाखाना चालवतो. शेजारी सावंगीचं वैद्यकीय महाविद्यालय, थोड्या अंतरावर १९६९ साली सुरू झालेलं सेवाग्रामचं महाविद्यालय, आणि पाऊणशे किलोमीटरवर नागपूर. त्यामुळे एमआरआय काढायचाच म्हटलं तर तो निघतो. अडचण येते ती आधी आणि नंतर. आधी, म्हणजे पेशंटला योग्य संशयानं त्या मशीनपर्यंत पाठवण्यात. आणि नंतर, म्हणजे मशीनमधून निघालेला कागद समजून घेण्यात.

ही जागा कुठली ते सांगतो. नाकाच्या मुळाच्या मागे, कवटीच्या तळाच्या हाडात एक खोलगट बैठक असते. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना ती तुर्की घोडेस्वाराच्या खोगिरासारखी दिसली, म्हणून तिचं लॅटिन नाव ‘सेला टर्सिका’, तुर्की खोगीर. या खोगिरात पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. इंग्रजी नाव पिट्युटरी. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. कालव्याचं पाणी कुठल्या शेताला किती सोडायचं हे पाटकरी ठरवतो, तसं थायरॉइड, ॲड्रिनल, स्त्रीची बीजांडं आणि पुरुषाची वृषणं यांनी किती काम करायचं, हे ही ग्रंथी ठरवते. मुलाची उंची, बाळंतिणीचं दूध, लघवीतून किती पाणी जाऊ द्यायचं, हेही तिच्याकडेच. एका बारीक देठानं ती वरच्या मेंदूला टांगलेली असते. देठाच्या पुढे, ग्रंथीच्या माथ्यावर, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जातात. एवढ्या दाटीच्या वस्तीत एखाद-दोन सेंटिमीटरची गाठसुद्धा शेजाऱ्यांना त्रास दिल्याशिवाय राहत नाही.

आता एक दिलासा देणारी गोष्ट. वरवर धडधाकट असलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तर दहातल्या एकाच्या तरी पीयूषिकेत बारीकसा ठिपका दिसतो. बहुतेकांना त्याचा जन्मभर काही त्रास होत नाही. आणि ज्या गाठी त्रास देतात, त्यांतल्या दहापैकी नऊ ‘ॲडेनोमा’ या प्रकारच्या असतात. त्या ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींच्या असतात आणि सहसा शरीरात इतरत्र पसरत नाहीत. नव्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२ पासून, त्यांना लांबलचक नवं नाव मिळालं आहे. आपण जुनंच वापरू.

खरी मजा, किंवा सजा म्हणा, उरलेल्या एकात आहे. त्या एकात फार गर्दी आहे. जन्मापासून राहून गेलेल्या पेशींची क्रेनिओफॅरिंजिओमा, मुलांतली जर्मिनोमा, आवरणाची मेनिंजिओमा, स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरची इथं येऊन बसलेली पेशी, ग्रंथीची नुसतीच सूज, आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा क्षयरोग. कधी कधी तर ती गाठच नसते. बाजूच्या धमनीला आलेला फुगा खोगिरात उतरलेला असतो. त्याला गाठ समजून सुई लावली तर काय होईल ते सांगायला नको. फिल्मवर यातले कितीतरी प्रकार एकमेकांसारखे दिसतात. उपचार मात्र टोकाचे वेगळे. कुणाला चाकू, कुणाला किरण, कुणाला क्षयाच्या गोळ्या, कुणाला काहीच नाही.

एका मुलाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. वय तेरा. आई त्याला घेऊन आली ती एकाच तक्रारीवर. “पोरगा रातच्यानं अख्खा माठ रिकामा करते जी.” दिवसा शाळेत पाच-सहा वेळा लघवीला जायचा म्हणून मास्तर रागावायचे. साखरेची तपासणी दोन ठिकाणी झाली होती, दोन्ही वेळा नॉर्मल. “मधुमेह नाही, सवय आहे, पाणी कमी द्या,” असं कुणीतरी सांगितलं होतं. आईनं माठ कुलपात ठेवून पाहिला. पोरगं रात्री उठून गोठ्यातल्या टाक्याचं पाणी प्यायलं.

सवयीनं पाणी पिणारा माणूस रात्री झोपतो. तहानेनं तीन-तीनदा उठणारं, टाक्याचं पाणी पिणारं मूल सवयीचं नव्हे. त्याला चोवीस तासांची लघवी मोजायला डबा दिला, तर सात लिटरच्या वर भरली. पाण्यासारखी स्वच्छ. खेड्यात लघवीला मुंग्या लागतात का ते बघतात, तशा याला लागत नव्हत्या. या आजाराचं जुनं नाव डायबेटिस इन्सिपिडस. साखरेच्या मधुमेहाशी त्याचा काही संबंध नाही, पण नावातल्या ‘डायबेटिस’मुळे गोंधळ होतो, अगदी दवाखान्यांतही. म्हणून २०२२ साली त्याचं नाव बदलण्याचं ठरलं. पीयूषिकेच्या मागच्या भागातून सुटणारं, लघवीतलं पाणी अडवणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी पडतं, हा त्याचा अर्थ.

इथं एक खूणगाठ आहे. नेहमीच्या ॲडेनोमात ऑपरेशनच्या आधी हे लक्षण सहसा दिसत नाही. ते दिसलं, तर गाठ देठापाशी आहे किंवा ती नेहमीच्यातली नाही, असं धरून चालावं. मी मुलाला भिंतीशी उभं करून उंची मोजली. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षांपूर्वीची उंची लिहिलेली होती. मधे जेमतेम दोन सेंटिमीटर वाढ झाली होती. आईच्या लक्षात आलं नव्हतं, कारण धाकटा भाऊ अजून खांद्याशी होता. चपला मात्र दोन वर्षं त्याच, हे तिनंच मग सांगितलं.

रक्ततपासणीत आणखी एक सापळा असतो. थायरॉइडची तपासणी म्हणजे टीएसएच, असं आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. पण टीएसएच बनतो पीयूषिकेत. पीयूषिकाच आजारी असेल तर थायरॉइडला हाक मारणारंच कुणी नसतं, आणि कागदावर टीएसएच नॉर्मल छापून येतो. सोबत टी-फोर बघितल्याशिवाय अर्थ लागत नाही. या मुलाचा टीएसएच नॉर्मल होता आणि टी-फोर कमी. सकाळी आठचं कॉर्टिसॉलही कमी. अशा वेळी औषधांचा क्रम फार महत्त्वाचा. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉइडची गोळी. उलट केलं तर कॉर्टिसॉलचा उरलासुरला साठा संपून माणूस कोसळू शकतो.

एमआरआयमध्ये गाठ म्हणावी असं काही नव्हतं. देठ थोडा जाड, एवढंच. आणि ग्रंथीच्या मागच्या भागात नेहमी दिसणारा पांढरा चमकता ठिपका नाहीसा झालेला. आता या जाड देठाला नाव काय द्यायचं? आमच्या भागात पहिला विचार क्षयाचा येतो, आणि तो चुकीचा नाही. पीयूषिकेतला क्षय आपल्या देशात दिसतो. छातीचा एक्स-रे काढला, घरात कुणाला टीबी होता का विचारलं, बाकीच्या तपासण्या केल्या. कुठं काही सापडलं नाही. ‘सहा-नऊ महिने टीबीच्या गोळ्या देऊन बघू’ असा सल्ला एका ठिकाणी मिळाला. ‘स्टेरॉइडचा मोठा डोस देऊन सूज उतरवू’ असा दुसरीकडे. हा दुसरा सल्ला जास्त धोक्याचा होता. या वयात, या जागी, या लक्षणांनी जर्मिनोमाचा संशय घ्यावाच लागतो. तिच्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. मोठ्या डोसानं त्या विरघळतात, गाठ काही आठवडे लहान होते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि त्या काळात तुकडा काढला तर त्यात रोग सापडत नाही. शरीराला रोज लागतो तेवढा छोटा डोस वेगळा, तो द्यायलाच हवा.

जर्मिनोमा आणि तिची भावंडं रक्तात किंवा पाठीच्या पाण्यात कधी कधी खुणा सोडतात. बीटा-एचसीजी आणि अल्फा-फीटोप्रोटीन. पहिली तर गरोदरपणाच्या तपासणीतली. मुलाची ‘गरोदरपणाची तपासणी’ कशाला, म्हणून वडील माझ्यावर चिडले होते. समजावलं. खुणा त्या वेळी नॉर्मल आल्या. नॉर्मल आल्या म्हणून रोग नाही असं होत नाही, कारण पुष्कळ जर्मिनोमा रक्तात काहीच सोडत नाहीत. मग ठरवलं ते एवढंच. पाण्याच्या त्रासासाठी डेस्मोप्रेसिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉइडची गोळी चालू ठेवायची, आणि तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय. वडिलांना हे पटेना. पोरगं रात्री झोपायला लागलं होतं, आठ हजारांचा फोटो पुन्हा कशाला? दवाखान्याच्या बाकावर त्यांच्याशी तासभर बोलत बसलो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या तासात झालं.

दुसऱ्या एमआरआयमध्ये देठ दुप्पट झाला होता. आता तुकडा काढण्याएवढी जागा होती. नाकातून दुर्बीण घालून तो काढला गेला आणि नाव मिळालं, जर्मिनोमा. ही गाठ किरणांना इतकी मऊ असते, की वेळेवर उपचार झाले तर दहापैकी नऊ मुलं बरी होतात. कवटी उघडून ती पुरती खरवडून काढण्याची गरज नसते, आणि तसा हट्ट केला तर नुकसानच होतं. तो मुलगा आता कॉलेजात आहे. तीन औषधं जन्माची आहेत. खिशात एक चिठ्ठी असते. ताप, उलट्या, अपघात झाला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवा किंवा इंजेक्शन द्या, असं तीवर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं आहे.

याच्या अगदी उलट प्रकारही होतो. म्हणजे गाठ दिसते, पण ती गाठ नसते. लग्नाला चार वर्षं झालेली एक मुलगी. पाळी बंद, अंगावर न येणाऱ्या बाळाचं दूध, अंग जड. सासरी ‘वांझ’ म्हणून बोलणी सुरू झाली होती. तिच्या हातात एमआरआयचा रिपोर्ट होता, ‘पिट्युटरी मॅक्रोॲडेनोमा’, आणि कुठल्याशा शहरातली ऑपरेशनची तारीख. प्रोलॅक्टिन वाढलेलं. टीएसएच केलेलाच नव्हता. तो केला तर दीडशेच्या वर निघाला. थायरॉइड आळसावलं, की पीयूषिका ओरडून ओरडून सुजते, आणि फिल्मवर ती सूज हुबेहूब गाठीसारखी दिसते. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची एक स्वस्त गोळी. सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये ग्रंथी आपल्या मापात बसलेली होती, आणि पाळी त्याच्या आधीच सुरू झाली होती. ऑपरेशन झालं असतं तर निरोगी ग्रंथी कापली गेली असती.

प्रोलॅक्टिनचा विषय निघालाच आहे तर थोडं बोलतो. दूध आणणारं हे संप्रेरक वाढलं, की लगेच मेंदूतल्या गाठीची भीती घालतात. आधी औषधांची पिशवी उपडी करून बघावी. मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, उलटीवरच्या डोमपेरिडोनसारख्या गोळ्या, आणि आपल्याकडे मेडिकलमधून सर्रास नेली जाणारी, लेव्होसल्पिराइड मिसळलेली ‘गॅसची’ कॅप्सूल, यांनी प्रोलॅक्टिन चांगलंच वाढतं. गरोदरपणातही वाढतं, हे सांगायला नको, पण विसरलं जातं. खरोखर प्रोलॅक्टिन बनवणारी मोठी गाठ असेल तर आकडा सहसा दोनशेच्या पुढे जातो, आणि तरीही ती बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आटते. चाकू लागत नाही. उलट, मोठी गाठ आणि आकडा पन्नास-साठ-ऐंशी, असं असेल तर ती दुसरीच कसली तरी गाठ आहे आणि देठ दाबते आहे. त्यातही एक गंमत. प्रोलॅक्टिन हजारोंत असेल तर यंत्र गोंधळून खोटा लहान आकडा दाखवू शकतं. मोठी गाठ आणि लहान आकडा दिसला, की रक्त शंभरपट पातळ करून पुन्हा मोजा, असं लॅबला सांगावं लागतं. पन्नास पैशांच्या कागदावर लिहिलेली ही एक ओळ एखाद्याचं ऑपरेशन वाचवते.

डोळ्यांबद्दल. डोळ्यांच्या नसा जिथं ओलांडतात तिथं खालून दाब आला, की दोन्ही बाजूंचं, कानाकडचं दिसणं कमी होतं. समोरचं चांगलं दिसतं. त्यामुळे चष्म्याच्या दुकानातल्या पाटीवरची अक्षरं माणूस धडाधड वाचतो. बाजूनं येणारी सायकल त्याला दिसत नाही. त्या वेळी मुंबईच्या केईएम रुग्णालयात असलेले डॉ. अतुल गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११८ महाकाय पीयूषिका-गाठींच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला होता. महाकाय म्हणजे चार सेंटिमीटरहून मोठ्या. हरभऱ्याच्या जागेत लिंबाएवढी गाठ वाढेपर्यंत माणसं येत नाहीत किंवा त्यांना कुणी पाठवत नाही. डोळ्यांची बाजू तपासायला यंत्रही लागत नाही. पेशंटसमोर बसावं, त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगावं, आणि आपली बोटं कानाच्या बाजूनं हळूहळू पुढे आणावी. बोट केव्हा दिसलं ते विचारावं. दोन मिनिटं लागतात.

असाच एक बावन्न वर्षांचा शेतकरी आला होता. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, फरक नव्हता, दुसऱ्याची तारीख ठरली होती. “समोरचं दिसते साहेब, पण बाजूचा बैल दिसत नाही जी.” वखर धुऱ्यावर चढायचा. बोटांची तपासणी केली; दोन्हीकडची बाजू गेलेली. एमआरआयमध्ये तीन सेंटिमीटरची गाठ. प्रोलॅक्टिन साठ, रक्त पातळ करूनही साठच. म्हणजे देठावरचा दाब. नाकावाटे शस्त्रक्रिया झाली. गाठीतून इतकं रक्त वाहिलं, की सर्जनला थोडा भाग तसाच ठेवून थांबावं लागलं. साध्या ॲडेनोमात असं सहसा होत नाही. पहिला पॅथॉलॉजी रिपोर्ट आला, ‘ॲडेनोमा, कुठलंही संप्रेरक न बनवणारा’. घरच्यांना हायसं वाटलं.

त्या सर्जनचं मला कौतुक वाटतं, कारण त्यांनी रिपोर्ट फाइलला लावून विषय संपवला नाही. त्यांनी पॅथॉलॉजिस्टला फोन करून रक्तस्रावाची गोष्ट सांगितली. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवलेला असतो, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्या ब्लॉकच्या नव्या चकत्या कापून वेगळे रंग लावले. पीयूषिकेच्या पेशी कुठल्या घराण्यातल्या हे सांगणाऱ्या तीन खुणा आहेत, पिट-वन, टी-पिट आणि एसएफ-वन. २०१७ च्या जागतिक वर्गीकरणापासून त्यांना महत्त्व आलं. नुसतं ‘संप्रेरक बनवत नाही’ म्हणून कुठल्याही गाठीला ॲडेनोमा म्हणून मोकळं होण्याचे दिवस तिथं संपले. या गाठीत तिन्ही खुणा नव्हत्या. चौथी होती, टीटीएफ-वन. ती पीयूषिकेच्या मागच्या भागातल्या आधार देणाऱ्या पेशींची खूण. नाव निघालं ‘स्पिंडल सेल ऑन्कोसायटोमा’. हा प्रकार वैद्यकाला माहीत झाला तोच २००२ साली, आणि जगभरातल्या नोंदी फार थोड्या आहेत. ही गाठ संथ असते, पण उरलेला भाग पुन्हा वाढण्याची शक्यता ॲडेनोमापेक्षा जास्त. गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून एमआरआय लवकर लवकर काढायचे, आणि वाढताना दिसली तर किरण.

नावामुळे उपचार किती बदलतात, याचं ताजं उदाहरण क्रेनिओफॅरिंजिओमाचं आहे. तिचा मोठ्या माणसांत होणारा एक पोटप्रकार आहे, ‘पॅपिलरी’. त्यातल्या बहुतेक गाठींत बीआरएएफ या जनुकात एकच ठराविक बदल सापडतो. त्या बदलावर काम करणाऱ्या दोन औषधांचा अमेरिकेतला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा पेशंटपैकी पंधरा जणांच्या गाठी चांगल्याच आटल्या. औषधं महाग आहेत, आणि सोळा हा आकडा लहान आहे. पण तो तुकडा त्या खुणेसाठी तपासलाच नाही, तर ही वाट आहे हे कळणारही नाही.

म्हणून घरच्यांना मी काही साध्या गोष्टी सांगतो. ऑपरेशनच्या आधी प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल, टी-फोर आणि टीएसएच झालं का, हे विचारा. विचारल्यानं डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी विचारा. एमआरआयची नुसती चिठ्ठी नको, सीडी किंवा फिल्म जपून ठेवा, कारण पुढच्या वेळी तुलना तिच्याशीच होते. ऑपरेशननंतर ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे आणि त्याचा नंबर काय, हे लिहून ठेवा. दुसरं मत घ्यायचं तर तो ब्लॉक मागता येतो. पुन्हा नाकातून जावं लागत नाही. आणि अचानक भयंकर डोकेदुखी, उलट्या, पापणी पडणं, नजर जाणं असं झालं, तर सकाळची वाट बघू नका. गाठीत रक्त उतरलेलं असू शकतं.

त्या शेतकऱ्याची उजवी बाजू बरीचशी परत आली आहे, डावी थोडी कमी. उरलेला भाग गेल्या दोन फोटोंत जागचा हललेला नाही. मोटारसायकल मी बंद करायला लावली आहे. ती मुलगा चालवतो. वखरणी तो स्वतः करतो, फक्त बैलजोडीच्या डावीकडून चालायची सवय आता उजवीकडून करून घेतली आहे. पुढचा एमआरआय पोळा झाल्यावर आहे.